हीव भरलेलं भूत

माझ्या भुताला शेलूबाजारात कुणी भ्यालं नाही आणि कुणी हसलंही नाही. त्याचा मला आलेला राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

त्या वर्षी मुंबईकडे चित्रं बोलायला लागली होती म्हणे. आमची अजून मुकीच होती, आणि ती मुकी होती म्हणूनच माझी चूल पेटत होती. माझा जोडीदार इंद्रभान चित्राच्या मशीनचा दांडा फिरवायचा आणि मी पडद्याच्या कडेला उभा राहून बोलायचो. साहेब बोलला की मी बोलायचो, मडम रडली की मी रडायचो, दार वाजलं की मी खोक्यावर टकटक करायचो. लोक मला मास्तर म्हणत. चित्र साहेबाचं असलं तरी जीव माझा, असा माझा त्या काळी ठाम समज होता.

चैत्र संपत आला होता. कापसाचा हंगाम उरकून सरकी काढायचा जिन बंद झाला होता आणि जिनाची वखार रिकामी पडली होती. जाड भिंती, खिडकी एकही नाही, पत्र्याची दारं. ती ओढून घेतली की भर दुपारी आत अमावास्या. म्हणून आम्ही बाजाराच्या दिवशी दुपारीच खेळ लावायचो. खेड्यावरची माणसं बाजार करत, चित्र पाहत आणि दिवस बुडायच्या आत घरी पोचत.

वखारीत अजून कापसाचे तंतू उडत होते. इंद्रभाननं दिवा लावला की मशीनमधून निघणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात ते तरंगायला लागत, सावकाश, कुठं जायची घाई नसल्यासारखे. पलीकडे पडद्यावर साहेबाचा बंगला उभा राही आणि अलीकडे हा कापूस. बंगल्यावर बर्फ पडतंय असं मला वाटायचं. बर्फ मी जन्मात पाहिलेलं नाही. पण त्या पट्ट्याकडे पाहता पाहता मी कुठं उभा आहे ते विसरायचो, आणि एकदोनदा तर साहेबाचं वाक्य मडमेच्या तोंडी घातलं. इंद्रभानला त्या कापसात नुसती आग दिसायची. तो पाण्याच्या दोन बादल्या पायाशी घेऊनच बसायचा.

चित्र असं होतं. एका साहेबाचा काका मरतो आणि त्याच्यासाठी एक ओसाड बंगला ठेवून जातो. अट एवढीच की एक रात्र तिथं काढायची. साहेब काडीसारखा, त्याचा नोकर रांजणासारखा. साहेबाचं नाव मी बंडोपंत ठेवलं होतं. बंगल्यात दारं आपोआप उघडतात, तसबिरीतले डोळे फिरतात, पुस्तकांचं कपाट सरकून मागं चोरदार निघतं आणि त्यातून पांढरी चादर पांघरलेलं भूत थरथरत बाहेर येतं. शेवटी बंडोपंत चादर ओढतो, तर आत त्याचाच चुलतभाऊ, बंगला लाटायला निघालेला. अकोल्यात लोक या चित्राला पोट धरधरून हसले होते. अमरावतीत एक वकील खुर्चीवरून पडले.

शेलूबाजारात चादर थरथरत बाहेर आली, मी पोटातून खोल 'हूऽऽ' काढलं आणि वखार चिडीचूप झाली. मग बायकांच्या बाजूनं एक कळवळलेला आवाज आला.

"माय माय! त्याले हीव भरलं व!"

"व्हय व. पाय ना कसा कापून राह्यला!"

"आन थे दोघं त्याले सोडून पयाले लागले. मानसं हायेत का कोन!"

मी आणखी जोरात हू केलं. एक म्हातारा म्हणाला, "लय कन्हून राह्यला बिचारा. ताप डोक्यात गेला त्याचा."

चूक त्यांची नव्हती, हे मला आज कळतं. हीव म्हणजे थंडीताप. भादव्यापासून दिवाळीपर्यंत या भागात घरोघर कुणी ना कुणी डोक्यावरून पांघरूण घेऊन असंच कापत बसलेलं असतं. आणि इथल्या भुताची तऱ्हा निराळी. हडळ हिरवं लुगडं नेसते, केस मोकळे सोडते, पाय उलटे टाकते. चादरीखाली थरथरणारं भूत या लोकांच्या सात पिढ्यांनी पाहिलं नव्हतं. तेव्हा मात्र मला यातलं काही सुचलं नाही. वखारभर कालवा सुरू झाला होता. कुणी म्हणे निजवा त्याले, कुणी म्हणे गुळवेलाचा काढा द्या, कुणी म्हणे तापावरची कोयनेलची पुडी पोस्टात भेटते, कोनी तं जा. बंडोपंत जिन्यावरून गडगडत खाली आला, जे पाहून अमरावतीचे वकील पडले होते, आणि इथं एक बाई त्याला म्हणाली, "बरं झालं!"

माझं टाळकं सरकलं. मी पडद्यासमोर जाऊन ओरडलो, "अरे भूत आहे ते, भूत! साहेबाचं भूत! मेलेला माणूस आहे तो!"

मग लोक उठले. बायकांनी लेकरांच्या तोंडावर पदर टाकले, पुरुषांनी दारं ढकलली, आणि पाच मिनिटांत वखार मोकळी झाली. चपला तेवढ्या राहिल्या.

एक बाई मात्र बसून होती. वीस-बावीसची असेल. चित्र संपून पडदा पांढरा झाला तरी तिची नजर तिथंच होती.

"मास्तर," ती म्हणाली, "मंग त्याले काढा कोनीच नाई देल्ला?"

"कुणाला?"

"त्याले. मेला म्हन्ता ना तुमी. मरेपर्यंत कोनीच नाई देल्ला?"

"बाई, ती गंमत आहे. चादर ओढली की खाली माणूसच असतो. दर वेळी."

"दर वेळी?" तिनं विचारलं, आणि गळ्यातल्या चांदीच्या लहानशा टाकावरून बोट फिरवत उठली. तो टाक मी ओळखला. पहिली बायको वारली की दुसरीनं तिची प्रतिमा अशी गळ्यात बांधायची आणि घास तोंडात घालण्याआधी तिला दाखवायचा. म्हणजे ही दुसरेपणावर दिलेली होती. दारातून ती उन्हात गेली आणि त्या पांढऱ्या उजेडात कुठं विरली ते मला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा नवरा आला. चंपत माळी. गावाबाहेर विहिरीवर त्याचा भाजीचा मळा होता. अंगानं पहेलवान, आवाज मात्र अगदी मऊ. काकड्यांची पाटी माझ्यापुढं ठेवून तो उकिडवा बसला आणि रिळांच्या पत्र्याच्या पेटीकडे टक लावून पाहायला लागला.

"मास्तर, थे यातच ऱ्हायते?"

"काय?"

"थेच. साहेबाचं."

"हो, यातच."

"बाहेर नाई येत?"

"दांडा फिरवल्याशिवाय नाही," मी म्हणालो. खोटं त्यात काही नव्हतं.

चंपतनं मान डोलावली. "बाजाराच्या बाजार काढता आन वापस भरता. आमच्या इकडच्या भगताले येवढं नाई जमत. मास्तर, आमच्या घरचं बी एक घेऊन जा."

मला हसू आलं होतं, पण त्याचे डोळे पाहिले आणि ते ओठावरच राहिलं.

त्याची पहिली बायको रंगूबाई दीड वर्षापूर्वी आश्विनात हीव भरून गेली. ज्या खोलीत गेली तिला पुढून कडी घातली. ज्या गोधडीखाली गेली ती गोधडी त्याच्या आईनं, हौसाबाईनं, नदीत सोडून दिली. गेल्या फागुनात चंपतनं तुळसाबाईला करून आणलं आणि महिनाभरात खोलीत हालचाल सुरू झाली. भर दुपारी आतल्या कपड्यांच्या पेटीचं झाकण वाजे. कुणी कण्हे. तुळसाबाईनं एकदा फटीतून पाहिलं, तर कोपऱ्यात गोधडी बसलेली. तीच, नदीत गेलेली. बसून कापत होती.

"मी बी पाह्यली," चंपत म्हणाला. "रंगूची हाय. लाल काठ मी ओयखत नाई का?"

"मग काय म्हणणं आहे तिचं?"

"अख्खं गाव म्हन्ते, सवत हिले घरात घेत नाई. परवा हिले आखाजीले माहेरी नेऊन घालाचं हाय, मानोऱ्याकडे."

"आखाजीला सगळ्याच सासुरवाशिणी माहेरी जातात."

"जाते. बाकीच्या वापस येते." तो जमिनीवर बोटानं रेघा ओढत राहिला. "आनाले कोनी जानार नाई मास्तर. कोनी काई बोलनार बी नाई. पोरगी लय चांगली हाय. पन घरच घेत नाई तं मी काय करू?"

अस्सा राग आला मला त्याचा. एवढा थोराड गडी, आणि बायकोला गुपचूप सोडून यायला सणाचा आडोसा शोधत होता. पण माझंही काही खरं नव्हतं. भुतं पेटीत बाळगणारा म्हणून गावातली पोरंसुद्धा माझ्या सावलीपासून लांब पळत होती. पुढच्या बाजाराला वखारीत मी आणि इंद्रभान दोघंच बसणार, हे दिसत होतं. मी रिळांचा एक रिकामा डबा काखोटीला मारला आणि म्हणालो, "चला."

बारा वाजत आले होते. मळ्याची वाट उन्हात हलत होती. मी डोळे बारीक करून चाललो होतो, आणि पापण्यांच्या आत रात्रंदिवस पाहिलेला तो बंगला उभा होता. थोडं चाललं की निंबाच्या झाडाचा बंगला होई, आणखी चाललं की पुन्हा निंब. विहिरीवर मोट थांबली होती. बैल सावलीत बसले होते. पाटातलं उरलेलं पाणी वाफ्यातून आवाज न करता सरकत होतं, आणि मला उगाच वाटलं की इथंही कुणीतरी हळूहळू दांडा फिरवतं आहे.

घर साधंच, तीन खोल्यांचं, मातीचं. तुळसाबाई चुलीपाशी काहीतरी उकळत होती. कडवट वास सुटला होता. ओसरीत म्हातारी हौसाबाई कांदे निवडत होती.

"हे कोन व्हय?" तिनं विचारलं.

"मास्तर हायेत, माय," चंपत म्हणाला. "न्यायले आले."

"कोनाले न्यायले?"

"रंगूले."

म्हातारीचा हात कांद्यावर थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. बराच वेळ डब्याकडे पाहिलं.

"येवढ्याशात?"

"मावते," मी रुबाबात म्हणालो.

"तिले उकाडा सहन नाई होत," म्हातारी म्हणाली. "आन जेवाले काय देसान तिले?"

अकोल्यात मला असं कुणी विचारलं नव्हतं. म्हातारीनं काठी उचलली. "मी मारोतीच्या पारावर टेकते," म्हणाली, आणि उन्हात निघून गेली. ती रोजच दुपारी जाते, चंपत म्हणाला. बुढीला हे पाहावत नाही.

आम्ही ओसरीत बसलो. माश्या घोंगावत होत्या. मला डुलकी लागली असावी, कारण बंडोपंत माझ्या शेजारी येऊन बसला होता आणि अस्सल वऱ्हाडीत मला म्हणत होता, मास्तर, काहून पयवता मले बाजाराच्या बाजार? मी त्याला काही सांगणार, तोच आतल्या खोलीत झाकण वाजलं.

चंपतनं माझं मनगट धरलं. मी उठलो, कडीच्या दाराला डोळा लावला.

कौलातल्या एका फटीतून उन्हाची तिरीप खाली आली होती. तिच्यात धूळ तरंगत होती, वखारीतल्या कापसासारखीच. आणि तिरिपेच्या पलीकडे, कोपऱ्यात, लाल काठाची गोधडी बसली होती. मागंपुढं हलत होती. आतून बारीक कण्हण्याचा आवाज येत होता, आणि मधेच लेकराशी बोलावं तसं काहीतरी.

तीनशे वेळा हे मी लोकांना दाखवलं होतं. तीनशे वेळा हू केलं होतं. डबा हातातून पडला आणि घरंगळत अंगणात गेला. त्याच्या मागं चंपत गेला, तो थेट विहिरीपलीकडे जाऊन थांबला. वकिलांनी ते पाहिलं असतं तर पुन्हा पडले असते.

तुळसाबाई उठली. तिनं पितळी पेल्यात काढा ओतला. पेला पदरात धरला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मास्तर, सरका."

"बाई, जाऊ नका," मी म्हणालो.

"तुमीच म्हंतलं ना, दर वेळी?"

तिनं कडी काढली. काढा पदरावर सांडत होता. भ्याली नव्हती असं नाही. ती आत गेली, गोधडीपासून हातभर अंतरावर बसली आणि गळ्यातल्या टाकाला बोलायची तशीच, घरातल्या थोरल्या बाईशी बोलावं तशी बोलली.

"बाई, हीव भरलं ना तुमाले? तवा कोनी काई देल्लं नाई. मले ठाऊक नोतं व. हे घ्या. गुळवेलाचा हाय. गरम हाय, फुंकून प्या."

गोधडीचं हलणं थांबलं. मग लाल काठाखालून एक हात बाहेर आला. सुरकुतलेला, मनगटावर गोंदण असलेला. त्यानं पेला घेतला आणि आत नेला. पिण्याचा आवाज आला. पेला रिकामा झाला तसं आत कुणीतरी हुंदका दिला, आणि मग रडणं आवरेना.

तुळसाबाईनं गोधडी ओढली नाही. डोक्यावरचा पदर सारखा करावा तशी ती हळूच मागं केली.

हौसाबाई होती.

खोलीच्या मागच्या अंगाला गोठा होता. माझ्या साहेबाच्या बंगल्यात पुस्तकांमागं चोरदार होतं, इथं ते कडब्याच्या पेंढ्यांमागं होतं. पाराकडे जाते म्हणून म्हातारी रोज गोठ्यातून वळून इथं येई. हे मी नंतर पाहिलं. त्या वेळी मी दाराच्या चौकटीला धरून नुसता उभा होतो.

"आत्याबाई," तुळसाबाई म्हणाली, "तुमी?"

"आज नेनार म्हंतलं ना तिले," म्हातारी म्हणाली. "मंग भेटाले आली."

तिनं गोधडीचा काठ दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"बाजाराचा दिवस होता. सकायीच हीव भरलं तिले. मी म्हंतलं, गोधडी घे आन पड, संध्याकायी कोयनेलची पुडी आनून देतो. मले म्हन्ते, माय, आज नोको जाऊ. मी म्हंतलं, वांगी तोडून ठेवली, सडून जातीन. बसली मंग इकत. शेवटचं वांगं इकलं, तवा पोस्ट बंद झालतं. घरी आली, तं गोधडी कापत नोती. मले वाटलं, उतरला ताप. मी सयपाक केला व माय. सयपाक करून उठवाले गेली."

तुळसाबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"नदीवर नेली होती सोडाले. नाई सोडवली. पेटीत दडपून ठेवली." म्हातारीनं नाक पुसलं. "मंग तू पाह्यली, आन भूत हाय म्हून बोंब झाली. मले वाटलं, बरं हाय. भूत हाय म्हन्ते लोक, म्हंजे रंगू घरात हाय. मी खरं सांगतलं अस्तं तं रंगू मेलीच अस्ती ना मंग. तुयं वाईट नोतं मागत मी. पन तुले सोडून येनार हायेत हे मले ठाऊक होतं, आन मी मुकी राह्यली."

मला त्या दोघींकडे पाहवेना. मी तिरिपेतली धूळ पाहत राहिलो. आयुष्यभर मी मुक्या माणसांच्या तोंडी शब्द घालत आलो होतो, आणि या बाईच्या तोंडी घालायला माझ्याकडे एकही शब्द नव्हता. रडू आलं मला, साफ सांगतो.

विहिरीपलीकडून चंपतचा आवाज आला. "मास्तर! भेटलं काय थे?"

म्हातारीनं तुळसाबाईचा हात घट्ट धरला. मी तोंड उघडलं. चादरीखाली कोण आहे ते ओरडून सांगणं हाच तर माझा धंदा. पण तुळसाबाई माझ्याआधी बोलली.

"भेटल्या!" ती दारातून म्हणाली. "काढा पेल्या. आता बरं वाटते म्हन्ल्या."

"जाते का मंग?"

"कुठी जातीन? त्यायचं घर हाय."

मग विहिरीवरून, आणखी बारीक आवाजात, "आन तुयं व?"

तुळसाबाई चौकटीत उभी राहिली आणि अंगठ्यानं टाक चोळत राहिली. मी तिचा चेहरा पाहिला. भुतासमोर बसली तेव्हासुद्धा ती इतकी भ्यालेली नव्हती.

तेव्हा म्हातारी उठली. गोधडीची घडी केली, खांद्यावर घेतली आणि काठी टेकत पुढच्या दारानं, सगळ्यांदेखत, अंगणात आली. चंपत विहिरीपाशी, मोटेच्या बैलांच्या धावेवर उभा होता. आईला त्या दारातून येताना पाहून त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"चंपत," ती म्हणाली, "हिले आखाजीले नेऊन घाल. पोरीची जात, सनाले मायबापाजवय राह्यली पाह्यजे. आन पाचव्या दिवशी गाडी जुपून ठेव. मी सोता आनाले जातो."

"माय, ही गोधडी तं नदीत..."

"आनली वापस."

त्याला किती कळलं मला ठाऊक नाही. तो जवळ आला, गोधडीचा लाल काठ दोन बोटांत धरला आणि तसाच उभा राहिला. म्हातारीनं त्याला धरू दिलं. मग तिनं ती गोधडी निंबाच्या फांदीवर उन्हात घातली. मी माझा डबा उचलला. चेपला होता.

गावात मी विचारणाऱ्यांना सांगितलं की माळ्याच्या घरचं भूत भलं निघालं, नेण्यासारखं नव्हतं. माझ्या बोलण्यावर कुणाचा विश्वास बसला नसता. पण आखाजीच्या दुसऱ्याच दिवशी हौसाबाईनं गाडी जुंपायला लावली, पाचव्याची वाट पाहिली नाही, आणि मानोऱ्याच्या रस्त्याला लागलेली म्हातारी अख्ख्या बाजारपेठेनं पाहिली.

पुढच्या बाजाराला वखार गच्च भरली. दारं ओढणार, तोच एक गाडी परस्पर दाराशी येऊन थांबली. दोन बायका उतरल्या. धुळीनं दोघींच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. म्हातारीनं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला होता. बायकांनी सरकून दोघींना पुढं जागा दिली.

इंद्रभाननं दांडा धरला. कापूस तरंगायला लागला. बंगला आला, जिना आला, कपाट सरकलं आणि चादर थरथरत बाहेर आली. मी हू करायला छाती भरून घेतली. अंधारातून हौसाबाईचा आवाज आला.

"मास्तर, त्याले पयू नोका देऊ."

पडद्यावर बंडोपंत टांगा वर करून पळत होता. छातीतला श्वास मी तसाच सोडला. मग बंडोपंताच्या आवाजात, पण सावकाश, म्हणालो, "थांब रे, पळतोस कशाला? हीव भरलंय त्याला. हे घे बाबा. गरम आहे, फुंकून पी."

पाय पळत होते आणि तोंड थांब म्हणत होतं, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही. कुणी हसलं नाही. आणि मला राग आला नाही.

शेवटी चादर निघाली. आतून चुलतभाऊ उठून उभा राहिला आणि वखारभर सुटकेचा सुस्कारा उमटला.

"उतरला व ताप त्याचा," कुणीतरी म्हणालं.

मी बायकांच्या बाजूला पाहिलं. पडद्याचा उजेड दोघींच्या तोंडावर पडला होता. रात्रभराच्या गाडीनं दमलेली तुळसाबाई सासूच्या मांडीवर डोकं टेकून झोपी गेली होती, आणि म्हातारी पडद्याकडे न पाहता तिच्या कपाळावर हात ठेवून ताप आहे का ते बघत होती.